३१ की ३२? भूमिती-कोड्यांचं ॲप बरेच महिने वापरल्यावर

सपोर्टचं उत्तर आलं: ‘तक्रार तपासली, योग्य उत्तर ३२ आहे.’ म्हणून हे लिहितोय, नाहीतर चार तारे देऊन गप्प बसलो असतो.

प्रश्न असा: १, २, ४, ८, १६, पुढे काय? पर्यायांत ३१ आणि ३२ दोन्ही होते. मी ३१ दाबलं, ॲपनं चूक ठरवलं. ३१ कसं? वर्तुळावर बिंदू घ्या, सगळे एकमेकांना जीवांनी जोडा, आत तीन जीवा एकाच ठिकाणी छेदू देऊ नका आणि वर्तुळाचे भाग मोजा. पाच बिंदूंपर्यंत दुप्पट होत जातं, सहाव्याला ३१! गंमत म्हणजे हीच आकृती याच ॲपच्या वर्तुळाच्या प्रकरणात आहे. म्हणजे भूमितीत ३१ बरोबर आणि अंककोड्यांत चूक. दुप्पट करायचं असं प्रश्नात कुठेच म्हटलेलं नाही. पाच संख्या दिल्या की सहावी हवी ती बसेल असं सूत्र काढता येतं, हेही सविस्तर लिहून पाठवलं. त्यावर हे छापील उत्तर.

भूमितीबद्दल मात्र मत बदललंय. आधी आकृत्या इतक्या प्रमाणशीर होत्या की कोन नजरेनेच ओळखून पर्याय दाबता यायचा, सिद्धता गेली उडत. अपडेटनंतर आकृत्या मुद्दाम बेढब केल्या. आधी वैतागलो. मग लँगली या गणितज्ञाचं १९२२चं कोडं समोर आलं: समद्विभुज त्रिकोण, शिरोकोन २०, पायाचे कोन ८०. पायाच्या एका टोकातून पायाशी ६० अंशांची आणि दुसऱ्यातून ५० अंशांची रेघ समोरच्या बाजूपर्यंत न्यायची. दोन्ही रेघांची बाजूंवरची टोकं जोडली की जोडरेघेचा ६०च्या रेघेशी कोन किती? उत्तर ३०, पण नुसती कोनांची बेरीज-वजाबाकी करून ते निघत नाही. पायाच्या ६०वाल्या टोकातूनच पायाशी २० अंशांची आणखी एक रेघ काढली की आत समभुज त्रिकोण सापडतो आणि सगळं सुटतं. बेढब आकृतीत तो डोळ्यांना दिसत नाही, शोधावा लागतो. मजा आली. फक्त ‘इशारा’ दाबू नका, तो थेट तीच रेघ काढून देतो. मग उरलं काय?

वर्गणी भूमितीपुरतीच वाढवणार. अंककोड्यांचे जादा पैसे देणार नाही, फुकटातले जादूचे चौरस पुरेत. १ ते ९ अंक, आडवी-उभी-तिरकी प्रत्येक बेरीज १५. फिरवून-उलटवून आठ रूपं होतात आणि ॲप आठही बरोबर धरतं, तपासलंय.