हँडहेल्ड केबल लीकेज डिटेक्टर: गळती सापडते, पण पाय आणि मनगट दोन्ही चालवावे लागतात

टीव्ही-इंटरनेटच्या केबलमधून हवेत निसटणारा सिग्नल हा मीटर पकडतो आणि मायक्रोव्होल्ट प्रति मीटरमध्ये आकडा दाखवतो. जुनी मॉडेलं १०८ ते १३७ मेगाहर्ट्झ, म्हणजे विमानांच्या रेडिओ पट्ट्यातच ऐकतात. नेटवर्क डिजिटल असेल तर ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासही ऐकणारंच घ्या. वरच्या फ्रिक्वेन्सीची गळती खालच्या पट्ट्यात अनेकदा दिसतच नाही.

स्क्वेल्च (कमकुवत सिग्नलचा आवाज दाबणारी सोय) मोकळा सोडून चाला. बीप वाढला की अँटेना आडवा-उभा फिरवून पाहा. आकडा ३ मीटरवरून घ्या. ६ मीटरवर तो साधारण निम्मा होतो. फार जवळ गेलं की मीटर भरून जातो, सगळीकडे गळतीच भासते. तिथे अँटेना काढून छोट्या प्रोबने एकेक जोड हुंगायचा.

दोषी बहुतेकदा सैल एफ कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाचा आट्यांचा जोड. ११ मिमी पान्याने आवळा, आकडा पुन्हा बघा. उतरला नाही तर केबलच्या आवरणाखालची धातूची जाळी नीट दुमडून नवा कॉम्प्रेशन (दाबून पक्का होणारा) कनेक्टर बसवा. स्प्लिटरच्या (एका केबलचे फाटे करणाऱ्या डबीच्या) रिकाम्या तोंडाला ७५ ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे तोंड बंद करणारं टोपण, हवाच.

खटकतं ते हे: पत्रे आणि तारा सिग्नल परतवतात, मग मीटर भलत्याच भिंतीकडे बोट दाखवतो. हेडएंडला, म्हणजे केबल कंपनीच्या मुख्य केंद्रात, टॅग सिग्नल (आपला सिग्नल ओळखायची खूण) मिसळलेला नसेल तर स्वस्त एलईडी दिव्याचा गोंगाटही गळती म्हणून वाजतो.