टाटा एस ईव्ही : कामाच्या गाडीची देखभाल नेमकी किती?

नाशिकला अंबड एमआयडीसीच्या भागात माझं इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टचं काम आहे. कारखान्यांची पॅनेल, सोसायट्यांच्या मोटारी, सिन्नर-ओझर पट्ट्यातले शेतीपंप. डिझेलचा छोटा हत्ती बरीच वर्षं चालवला, आणि आता त्याच जातीची इलेक्ट्रिक गाडी, टाटा एस ईव्ही, कामाला आहे. भेटेल तो वायरमन, प्लंबर, एसीवाला पहिल्यांदा रेंज विचारतो. कंपनीचा प्रमाणित आकडा १५४ किलोमीटर आहे. वायरची बंडलं, शिड्या, दोन पोरं आणि हत्यारं भरून मला शंभरच्या आसपास मिळतात. सकाळी सिन्नर, दुपारी त्र्यंबक रोड आणि संध्याकाळी घर, एवढं त्यात बसतं. पण माझ्या मते विचारायचा प्रश्न वेगळा आहे: सोमवारी सकाळी आठला ही गाडी हमखास निघावी म्हणून काय काय बघावं लागतं?

जे गेलं ते आधी सांगतो. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, फॅन बेल्ट, क्लच प्लेट, सायलेन्सर हे सगळं गेलं. पीयूसी लागत नाही. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात इलेक्ट्रिक मालवाहू गाड्यांना २०२२ पासून १५ टक्के सवलत आहे. फिटनेस मात्र इतर मालवाहू गाड्यांसारखंच करावं लागतं, ते विसरू नका. वर्षाचा हिशेब मांडला की डिझेलच्या गाडीवर गॅरेजमध्ये जायचा त्यातला मोठा भाग वाचतो, हे मी मनापासून सांगतो. पण ‘इलेक्ट्रिकला मेंटेनन्सच नाही’ असं जे विकणारे सांगतात ते खरं नाही.

या गाडीची खरी देखभाल भिंतीवरच्या प्लगपासून सुरू होते, आणि आपल्या धंद्यातल्या माणसाला हे पटायला वेळ लागू नये. बॅटरी २१.३ युनिटची. रात्री घरच्या पॉवर प्लगवर लावली की जवळजवळ तीन किलोवॅटचा लोड सलग सात-आठ तास चालतो. गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो, म्हणून त्याच्या सॉकेटचं लूज कनेक्शन वर्षानुवर्षं खपून जातं. इथे ते खपत नाही. माझ्या ओळखीच्या एका सुताराच्या घरी सॉकेटची मागची बाजू काळी पडून प्लास्टिक वितळलं होतं, आणि तो दोष गाडीला देत होता. गाडीसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र सर्किट ओढा: चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि चांगल्या प्रतीचं इंडस्ट्रियल सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. तासभर चार्जिंग झालं की प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल, पण चटका बसत असेल तर त्याच दिवशी उघडून स्क्रू आवळा किंवा सॉकेट बदला.

अर्थिंगचं तर विचारूच नका. चार्जर आधी अर्थिंग तपासतो, ती कमजोर असली की चार्जिंग सुरूच करत नाही, आणि माणूस समजतो चार्जर बिघडला. लोड चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत राहा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये मुरमाची जमीन कोरडी ठाक पडते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं की रीडिंग खाली येतं. दरवर्षी उन्हाळा लागला की हे काम मी आधी उरकतो.

दुसरी गोष्ट बारा व्होल्टची छोटी बॅटरी. मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी छोटी उतरली की गाडी जागची हलत नाही, कारण मोठ्या बॅटरीचे काँटॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारे स्विच, ओढायला तिचाच करंट लागतो. आपण कामाची माणसं हिच्यावर फार अन्याय करतो. ड्रिलचे चार्जर, काम करायचा एलईडी, मोबाइल, सगळं तिच्यावर टांगतो आणि गाडी बंद ठेवून तासन्‌तास चालवतो. मी हत्यारांसाठी वेगळी बॅटरी आणि इन्व्हर्टर खोक्यात बसवलाय, तो घरीच चार्ज होतो. छोट्या बॅटरीचं व्होल्टेज महिन्यातून एकदा बघतो. रात्रभर उभ्या गाडीवर १२.४ च्या खाली दिसलं की सावध.

टायरकडे मात्र डिझेलपेक्षा जास्त बघावं लागतं. मोटर १३० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, सुरुवातीपासूनच देते, आणि सिग्नलवर पाय दाबायची सवय असलेल्या ड्रायव्हरच्या हाती मागचे टायर लवकर घासतात. हवा आठवड्याला, आणि टायर फिरवणं वेळच्या वेळी. सिंहस्थाच्या कामांमुळे नाशिकचे रस्ते सध्या जागोजागी खणलेले आहेत, त्यामुळे अलाइनमेंटही लवकर बिघडते.

ब्रेकचं उलटं आहे. रीजनमुळे, म्हणजे पाय काढला की मोटरच गाडी थोपवते त्यामुळे, लायनर कमी झिजतात. पण जे कमी वापरलं जातं ते गंजतं. इगतपुरी-त्र्यंबककडचा पाऊस ज्यांनी झेललाय त्यांना सांगायला नको. पावसाळ्यात मोकळ्या रस्त्यावर अधूनमधून मुद्दाम जोरात ब्रेक लावत जा, आणि पावसाळा सरला की चारही चाकं उघडून साफ करून घ्या. ब्रेक ऑइल झिजत नाही, पण हवेतली ओल पितं. ते दोन वर्षांनी बदलायचंच, लायनर कितीही नवे दिसोत.

सगळ्यात जास्त संताप मला आला तो बॉडीवाल्याकडे. आतले रॅक बसवायला एका ठिकाणी गाडी नेली. मिस्त्रीने बघता बघता चेसिसला वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प लावला. मी हात धरला. “भाऊ, हिच्यात इलेक्ट्रॉनिक्स आहे, वेल्डिंग नको, बोल्टने लाव.” तो म्हणाला, “शेठ, रोज दहा गाड्यांना करतो.” तरी मी गाडी काढून घेतली. वेल्डिंगचा करंट कुठून वाट काढेल ते सांगता येत नाही. एका झटक्यात कंट्रोलर गेला तर त्या रॅकच्या किमतीत तो येत नाही. दुसऱ्याकडे प्लाय आणि नटबोल्टने रॅक करून घेतले. ड्रिल मारण्याआधी खालून वाकून नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या, केबल कुठून गेल्यात ते बघून घेतलं. पंक्चरवाल्यालाही जॅक कुठे लावायचा ते स्वतः दाखवा, बॅटरीच्या खोक्याखाली लावू देऊ नका. वॉशिंगवाल्याला सांगा, नारिंगी केबलच्या जोडांवर प्रेशरचा फवारा नको.

आणि एक कळकळीची विनंती माझ्या वायरमन बांधवांना. लायसन्स आहे म्हणून नारिंगी केबलला हात घालू नका. आपल्या घरचा एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो, म्हणून त्याची ठिणगी विझायला संधी मिळते. गाडीच्या बॅटरीच्या डीसीला ती संधी नाही, जोड ओढला की आर्क, म्हणजे ती ठिणगी, पेटत राहतो. ते काम प्रशिक्षित माणसाचं.

हिवाळ्याचं थोडक्यात. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा खूप उतरतो, त्या दिवसांत थंड पडलेली बॅटरी चार्जिंगला जरा जास्त वेळ घेते. शक्य असेल तर कामावरून आल्या आल्या, बॅटरी कोमट असतानाच लावा. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची आहे, तिला अधूनमधून पूर्ण शंभर टक्के भरू द्या. तिचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सारखंच राहतं, म्हणून पूर्ण भरल्याशिवाय उरलेल्या टक्क्यांचा हिशेब नीट जुळत नाही.

माझं मत असं: रोज संध्याकाळी गाडी स्वतःच्या दारात उभी राहत असेल, दिवसाचं फिरणं ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या आत असेल आणि माल ६०० किलोच्या आत असेल, तर ही गाडी डोळे झाकून विकत घ्या. यापेक्षा जड माल असेल तर २०२४ साली आलेली एक टनाची एस ईव्ही १००० बघा. रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने, ज्याला रोज फास्ट चार्जरच्या रांगेत उभं राहावं लागेल त्याने, अजून थांबावं. रांगेत गेलेला तास म्हणजे एका कामाचे पैसे.

शोरूमला गेलात की सवलतीआधी तीन गोष्टी विचारा. हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेला माणूस त्याच वर्कशॉपला बसतो का, की दुसऱ्या शहरातून येतो. देखभालीच्या पॅकेजमध्ये ब्रेक ऑइल, कूलंट आणि बारा व्होल्टची बॅटरी धरली आहे का. आणि गाडी बंद पडली तर उचलायला फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक, येईल ना. मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर फिरत राहते, म्हणून साध्या दोरीचं काम नाही. उत्तरं कागदावर घ्या.