‘डिअर’, ‘डॉग’ आणि मुंगूस: एटिमऑनलाइन किती भरवशाचं?

व्युत्पत्तीचा कोश पारखायचा तर लांबलचक इंग्रजी शब्द घेऊन काही कळत नाही. त्यांचे लॅटिन-ग्रीक तुकडे कुठलाही कोश पाडून देतो. कस लागतो तो ‘डिअर’, ‘डॉग’ असल्या एकाच अवयवाच्या घरगुती शब्दांवर. ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी, म्हणजेच एटिमऑनलाइन, याच शब्दांवर तपासून पाहावी.

हा कोश मोफत आहे आणि त्याचं अॅपही मिळतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचे डग्लस हार्पर यांनी तो उभा केला. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती आणि व्युत्पत्तीचे इतर छापील कोश यांवरून केलेलं हे संकलन आहे, मूळ संशोधन नव्हे. तेवढं लक्षात ठेवून वापरलं तर फसगत कमी होते.

‘डिअर’ शोधा. आज हरीण हा अर्थ असलेला हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘डेओर’ होता आणि त्याचा अर्थ होता कुठलंही जनावर. जर्मन ‘टिअर’, डच ‘डीर’, स्वीडिश ‘यूर’ या सगळ्यांत तो रुंद अर्थ अजून शाबूत आहे. इंग्रजीत मात्र फ्रेंचमधून ‘बीस्ट’ आला, पुढे लॅटिनवरून ‘अॅनिमल’ रुळला आणि ‘डिअर’च्या वाट्याला एकटं हरीण उरलं. ‘किंग लिअर’ नाटकात उंदीर-घुशींना ‘स्मॉल डिअर’ म्हटलंय, तो याच जुन्या अर्थाचा अवशेष. ‘वाइल्डरनेस’च्या पोटातही हाच डिअर दडलाय: ‘वाइल्ड-डेओर’, म्हणजे रानटी जनावर, त्यावरून रानटी जनावरांचा मुलूख. नोंदीच्या खाली जोडलेल्या नोंदींची यादी असते, तिच्यात अशी नाती सापडतात. बरेच जण ती न बघताच पान बंद करतात आणि अर्धा माल तिथेच राहतो.

मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही, कारण ‘मृग’ शब्दाचं अगदी हेच झालं. संस्कृतात मृग म्हणजे आधी रानातलं कुठलंही जनावर. म्हणून सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग आणि शिकार ती मृगया. दोन्ही भाषांत अर्थसंकोच हरणावरच येऊन थांबला, कारण शिकारीचं मुख्य जनावर तेच. एवढ्यावर भागत नाही. ‘डिअर’चं मूळ कोश ‘श्वास घेणे’ या अर्थाच्या धातूपर्यंत नेतो. लॅटिन ‘अॅनिमल’ हा ‘अॅनिमा’वरून, म्हणजे श्वासावरून, आणि आपला ‘प्राणी’ प्राणावरून. अॅनिमल आणि प्राणी यांच्या मुळाशी तर श्वास घेण्याचा एकच धातू आहे, डिअर मात्र वेगळ्या धातूचा. कल्पना एक, धातू दोन. संस्कृतातल्या अशा समांतर वाटा कोश क्वचितच दाखवतो, त्या आपण जोडून घ्यायच्या.

आता वापरताना कुठे चुकतं ते. पहिली चूक सालाची. नोंदीत १६४० चं दशक किंवा ‘सुमारे १३००’ असं दिसलं की लोक त्याला शब्दाचा जन्म समजतात. ती सर्वात जुनी सापडलेली लेखी नोंद असते. बोलण्यात शब्द त्याआधी कितीतरी वर्षं असू शकतो, विशेषतः १७०० पूर्वीचा.

दुसरी चूक नात्याची. ‘यावरून आला’ आणि ‘याचा सगोत्र’ यांतला फरक न पाहता जर्मन ‘टिअर’वरून इंग्रजी ‘डिअर’ आला असं बिनदिक्कत लिहिलं जातं. ही भावंडं आहेत, बाप-लेक नव्हेत. पडताळा सोपा आहे: इंग्रजी ‘ड’च्या जागी जर्मनमध्ये नियमाने ‘ट’ येतो का पाहा. डे–टाग, डोअर–ट्यूर, डिअर–टिअर. पत्राच्या सुरुवातीचा ‘डिअर’ देवनागरीत हुबेहूब असाच लिहिला जातो, पण त्याची जर्मन जोडी ‘टॉयर’, अर्थ महाग, मोलाचा. जुन्या इंग्रजीतही तो ‘डेओरे’ असा वेगळाच शब्द होता. हरणाचा आणि लाडक्याचा काही संबंध नाही.

तिसरी गोष्ट तारकेची. शब्दाआधी तारका असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही. सगोत्र शब्द शेजारी ठेवून भाषाशास्त्रज्ञांनी बांधलेलं आहे. उतरवून घेताना तारका गाळली की अनुमानाचा पुरावा होऊन बसतो.

‘डॉग’च्या नोंदीवर मात्र कोशाला पैकीच्या पैकी. जुन्या इंग्रजीत कुत्र्याचा नेहमीचा शब्द ‘हुंड’. ‘डॉग’चं पूर्वरूप ‘डॉक्गा’ उशिरा आणि अगदी क्वचित भेटतं. सोळाव्या शतकापर्यंत त्याने ‘हुंड’ला बाजूला सारलं आणि ‘हाउंड’ शिकारी कुत्र्यापुरता उरला. ‘डॉक्गा’ आला कुठून? मूळ अज्ञात, असं कोश सरळ सांगतो. फ्रॉग, पिग, स्टॅग यांची जुनी रूपंही अशीच ‘गा’ने संपणारी आहेत, त्यामुळे बोलीतला लाडिक किंवा रांगडा प्रत्यय असावा असा तर्क करता येतो, त्यापुढे पाऊल टाकता येत नाही. मूळ माहीत नाही म्हणणारा कोश कमअस्सल वाटतो खरा, पण जो प्रत्येक शब्दाची गोष्ट सांगतो त्याच्यापासूनच जपून राहावं. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबाराम भाषेत कुत्र्याला ‘डॉग’च म्हणत, आणि इंग्रजीशी त्याचा काडीचा संबंध नाही. उलट ‘हाउंड’ आणि ‘श्वान’ कानाला परके वाटतात, पण ते सख्खे नातलग: मूळ ‘क’चा एकीकडे ‘ह’ झाला, दुसरीकडे ‘श’.

इथेच कोशाचा एक दोष खटकतो. संस्कृत शब्द बहुतेक ठिकाणी खुणांशिवाय रोमन लिपीत येतात. श, ष, स सगळे एकाच अक्षरात कोंबलेले. ‘हॉर्न’च्या धातूखाली आपला ‘शृंग’ आहे, ज्याचं मराठीत शिंग झालं, पण तो ओळखायला दोनदा वाचावं लागतं. शब्दांची देवनागरी रूपं हवी असतील तर विक्शनरी उघडावी. तिथे वंशावळीही छान मांडलेल्या असतात. मात्र तिथली नोंद कुणीही बदलू शकतो, म्हणून इतिहासाचा टॅब पाहून घ्यावा.

दुसरी उणीव अवतरणांची. कुठल्या वर्षी, कुठल्या वाक्यात शब्द कसा वापरला गेला, याची सलग साखळी इथे मिळत नाही. ती ऑक्सफर्डकडे आहे. १८८४ ते १९२८ अशी पहिली आवृत्ती भागाभागांनी निघाली, दुसरी १९८९ मध्ये २० खंडांत आली, आणि २००० पासून ऑनलाइन नव्याने सुधारणा चालू आहेत. ती वर्गणीची आहे. लेखात सालासकट दाखला द्यायचा असेल तर एटिमऑनलाइनवर थांबू नये. शंका फेडायला, किंवा वर्गात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला ते पुरेसं आहे.

जाता जाता ‘मंगूस’ची नोंदही पाहा. ‘गूस’ म्हणजे हंस, पण त्याचा इथे संबंध नाही, म्हणून अनेकवचन ‘मंगीस’ होत नाही, ‘मंगूसेस’ होतं. हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी मुंगसावरून गेला, बहुधा पोर्तुगीजांच्या तोंडून, आणि मराठीत तो द्राविडी भाषांकडून आलेला. तेलुगू-कानडीत त्याचे भाऊबंद आजही आहेत.