युनियनने इलेक्शनला उतरायचं तर कसं? तिकीट, लीडर की आपली कमिटी

युनियनचा माणूस सभागृहात पाठवायचा एवढं ठरलं असेल तर पुढे रस्ते तीन. असलेल्या पक्षाकडून तिकीट घ्या, आपला लीडर अपक्ष उभा करा, नाहीतर चार युनियन्स मिळून स्वतःची कमिटी आणि फंड काढा. हे तिन्ही लोकांनी करून झालंय, इंग्लंडातही आणि परळ-लालबागलाही. मी दोनच गोष्टी बघतो, उमेदवार कोण ठरवतं आणि पैसे कोण टाकतं.

तिकिटाचा रस्ता सगळ्यात सोपा वाटतो. १८७४ ला टॉमस बर्ट आणि अलेक्झांडर मॅकडोनाल्ड हे खाण कामगारांचे दोन पुढारी तिथल्या लिबरल पक्षाच्या पाठिंब्याने ब्रिटिश पार्लमेंटमध्ये गेले. खासदाराला तेव्हा पगारच नव्हता, तो १९११ मध्ये सुरू झाला, म्हणून बर्टचा खर्च नॉर्थंबरलँडची युनियन उचलायची. पण बहुतेक ठिकाणी तिकीट वाटणार लिबरलांच्या लोकल कमिट्या, त्यात कारखानदार आणि वकील बसलेले, ते खाणीतल्या माणसाला कशाला तिकीट देतील? १८८८ ला स्कॉटलंडच्या मिड लॅनार्क मतदारसंघात खाण कामगारांचा पुढारी केर हार्डी याला सोडून बाहेरचा वकील उभा केला, हार्डी स्वतंत्र लढला आणि पडली ६१७ मतं.

आपल्याकडे काँग्रेसच्या बाजूचा राष्ट्रीय मिल मजदूर संघ होता, १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायद्याखाली गिरण्यांमधली मान्यताप्राप्त युनियन. फायदा खोटा नव्हता, मालकाशी करार करायचा हक्क त्यांचाच. पण १९८२ ला अडीच लाखाच्या आसपास गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले तेव्हा पगारवाढीबरोबर तो कायदाच रद्द करा अशी मागणी होती, यावरून काय ते समजा.

लीडरचा रस्ता सगळ्यात भारी दिसतो. १९८४ ला इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसची एवढी लाट, तरी सामंत मुंबई दक्षिण मध्यमधून अपक्ष निवडून आले, ते पण संप हातातून गेलेला असताना. लोकांचं प्रेम होतंच, प्रश्न नाही. पण लोकसभेत एकटा माणूस काय करणार, आणि पुढच्याच इलेक्शनला, १९८९ ला, ती सीट शिवसेनेच्या वामनराव महाडिकांकडे गेली. लीडर गेला की मागे काय उरतं हे गिरणगावात राहिलेल्याला सांगायला नको.

आता कमिटी. हा रस्ता मला पटतो पण लई हळू आहे. १८९९ ला इंग्लंडात प्लिमथला ट्रेड युनियन काँग्रेसमध्ये, म्हणजे सगळ्या युनियन्सच्या वार्षिक सभेत, रेल्वे कामगारांच्या युनियनने ठराव मांडला की कामगारांचे जास्त खासदार कसे निवडून आणायचे यावर सगळ्यांनी एकत्र बसावं. तो ५ लाख ४६ हजार विरुद्ध ४ लाख ३४ हजार असा पास झाला, म्हणजे युनियनवाल्यांमध्येच इतके लोक विरोधात! फेब्रुवारी १९०० मध्ये लंडनला मेमोरियल हॉलमध्ये लेबर रिप्रेझेंटेशन कमिटी झाली आणि त्याच वर्षीच्या इलेक्शनला आल्या सीटा दोन. त्यातला एक रिचर्ड बेल, त्याच रेल्वे युनियनचा सेक्रेटरी, तो पुढे लिबरलांकडेच सरकला.

गाडी पळवली ती कोर्टाने. वेल्समधल्या टॅफ व्हेल रेल्वेच्या संपासाठी युनियनवर नुकसानभरपाईचा दावा लावता येतो असा निकाल १९०१ ला लागला, पुढे २३ हजार पौंड भरायला लागले, आणि जे काठावर बसले होते त्या युनियन्सना कळलं की कायदा बदलल्याशिवाय संपच करता येणार नाही. १९०३ पासून दर सभासदामागे वर्षाला एक पेनी असा फंड, त्यातून खासदाराला वर्षाला २०० पौंड. त्याच वर्षी लिबरलांशी गुपचूप समझोता करून सीटा वाटून घेतल्या (तत्त्वाच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे विसरू नये), १९०६ ला २९ जण आले आणि कमिटीचं नाव लेबर पार्टी झालं. टॅफ व्हेलचा निकाल कायदा करून त्याच वर्षी पुसून टाकला.

मुंबईत या धर्तीवर नाही पण जवळचं म्हणजे बाबासाहेबांचा १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष. तो काही युनियन्सच्या वर्गणीतून उभा राहिलेला नव्हता, तरी १९३७ ला लढवलेल्या १७ पैकी बहुतेक जागा त्यांनी काढल्या आणि संपावर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाला सभागृहात विरोध आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला बाहेर संप, कम्युनिस्टांना सोबत घेऊन. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, गिरणीत विणकाम खात्यात दलितांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि बाकीच्यांना तो विटाळ. युनियन्सनी त्यावर कधी जोर लावला नाही हे बाबासाहेबांचं म्हणणं होतं. तुमच्याकडे परमनंट आणि कंत्राटी वेगळ्या पंगतीत बसत असतील तर कमिटीत आधी कंत्राटीवाल्यांना घ्या, नाहीतर मतं मागायला कुठल्या तोंडाने जाणार?

म्हणून माझं मत असं की लीडरचा रस्ता सोडा, कितीही गर्दी जमत असली तरी. कमिटी झेपेल का ते आधी पावती फाडून बघा. आपल्या १९२६ च्या ट्रेड युनियन्स कायद्यात कलम १६ ला राजकीय कामासाठी वेगळा फंड ठेवलेला होता, आणि वर्गणी मेंबरच्या मर्जीवर, सक्ती नाही. आत्ताचं काय ते वकिलाकडून बघून घ्या आणि दोन महिने गेटवर उभं राहून दहा-दहा रुपये मागा. निम्म्यांनी दिले तर वॉर्डापासून सुरू करा. नाही दिले तर तिकीटच घ्या, पण पुढच्या वेळी नाव आमची जनरल बॉडी ठरवणार हे तिकीट हातात पडायच्या आधी लिहून घ्या.