हेलिकॉप्टर घ्यावे, सोबतचे माहितीपत्रक बाजूला ठेवावे

दिवाळीच्या सुट्टीत भाचीसाठी बेळगावच्या खडेबाजारातून अठराशे रुपयांना रिमोटवर उडणारे छोटे हेलिकॉप्टर घेतले. मी पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे महिनाभरात ते तिच्याइतकेच मीही उडवले.

ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर त्याचे वजन ४० ग्रॅम भरले; पाती फिरतात त्या वर्तुळाचा व्यास १९ सेंटिमीटर आहे. एवढे वजन अधांतरी तोलण्यासाठी त्या वर्तुळातून सेकंदाला सुमारे अडीच मीटर वेगाने हवा खाली ढकलावी लागते, आणि खाली तळहात धरल्यास तो झोत स्पष्ट लागतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असल्याने इथली हवा पणजीपेक्षा साधारण सात टक्के विरळ आहे, म्हणून त्याच वजनासाठी पात्यांना इथे साडेतीन टक्के अधिक वेगाने फिरावे लागते. पात्यांच्या दोन जोड्या एकमेकींच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे धड स्वतःभोवती गरगरत नाही. ही रचना फार चांगली जमली आहे.

माहितीपत्रकातील स्पष्टीकरण मात्र चुकीचे आहे. पात्याची वरची बाजू फुगीर असते, वरच्या हवेला लांबचा रस्ता कापून खालच्या हवेबरोबर पोहोचावे लागते, म्हणून उचल (वर नेणारा जोर) मिळते, असे त्यात म्हटले आहे. हवेवर असे कोणतेही बंधन नसते. शिवाय याच खेळण्याचे पाते म्हणजे किंचित वाकवलेली पातळ पट्टी असून तिच्या दोन्ही बाजूंची लांबी जवळजवळ सारखीच आहे, तरी ते उडते. तिरके पाते हवेला खाली वळवते आणि हवा पात्याला वर रेटते. वर कमी आणि खाली जास्त दाब असतो हे खरे, पण त्याचे कारण रस्त्याची लांबी नव्हे.

संध्याकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चतुर नावाचे कीटक घिरट्या घालत होते, तेव्हा भाचीने विचारले की त्यांचे पंख तर याहूनही पातळ, मग ते कसे उडतात? हेलिकॉप्टरचे पाते फार तिरके झाले तर हवा त्याच्या पाठीवरून सुटते आणि उचल ढासळते. कीटक मात्र पंख बराच तिरका धरून फडफडवतात आणि पुढच्या कडेवर हवेचा एक भोवरा तयार होऊन पंखाला चिकटून राहतो, त्यामुळे उचल टिकते. चार्ल्स एलिंग्टन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हॉकमॉथ पतंगाच्या बाबतीत हे दाखवून दिले. मधमाशी तर सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख हलवते. माहितीपत्रकात यातील एक ओळ जरी असती, तरी मुलांचे कुतूहल योग्य वाटेला लागले असते.

रिमोट इन्फ्रारेड म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालतो; उन्हातही तोच प्रकाश भरपूर असतो, म्हणून तिथे रिमोट निरुपयोगी ठरतो. घरात किंवा सूर्य मावळल्यावरच उडवावे. एका चार्जिंगमध्ये सात मिनिटे मिळतात. पाते जरासे वाकले तरी थरथर वाढते, तेव्हा सुटी पाती खरेदीच्या वेळीच मागून घ्यावीत. मला ती त्याच दुकानात साठ रुपयांना मिळाली.