बीटाफ्लाइट ४.५ : आधी आरपीएम फिल्टर, मग पीआयडी

आमच्या आर्वी तालुक्यात ड्रोन म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर फवारणीचे यंत्र येते. छंद म्हणून पाच इंची रेसिंग ड्रोन उडवणारे इकडे थोडेच आहेत आणि त्यांना सर्वांत जास्त अडचण येते ती फ्लाइट कंट्रोलरच्या, म्हणजे ड्रोनचे संतुलन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाच्या, प्रगत सेटिंगची. क्लीनफ्लाइट या जुन्या आज्ञावलीपासून वेगळे होऊन वाढलेले बीटाफ्लाइट हे त्यावर चालणारे फर्मवेअर (यंत्रात चढवायची आज्ञावली) मुक्त स्रोत आणि विनामूल्य आहे, त्याची ४.५ ही आवृत्ती २०२४ मध्ये आली. सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या झालेल्या वावरात आणि पुढे वैशाखाच्या उन्हातही मी ती वापरली असून, रेसिंगसाठी मी तिलाच पहिली पसंती देईन. मात्र तिचा खरा लाभ घ्यायचा असेल तर पीआयडीला (ड्रोन स्थिर ठेवण्यासाठी चूक कशी सुधारायची हे ठरवणाऱ्या पी, आय, डी या तीन आकड्यांना) हात लावण्यापूर्वी आरपीएम फिल्टर (मोटरच्या वेगानुसार कंपने गाळणारा फिल्टर) बिनचूक बसवला पाहिजे.

जायरोला (ड्रोनचे फिरणे मोजणाऱ्या संवेदकाला) ड्रोनच्या हालचालीबरोबर मोटरचे कंपनही जाणवते. मोटर मिनिटाला ३०,००० फेरे घेत असेल, तर तिचे मूळ कंपन ५०० हर्ट्झला असते आणि त्याच्या पटीतील कंपने १,००० व १,५०० हर्ट्झला उमटतात. बायडायरेक्शनल डीशॉट (फ्लाइट कंट्रोलर आणि ईएससी यांच्यातील दुतर्फा संदेशवहन) चालू केल्यास ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे सर्किट) प्रत्येक मोटरचा वेग सतत कळवत राहते आणि आरपीएम फिल्टर नेमकी तेवढीच कंपने छाटतो, त्यामुळे बाकीचे फिल्टर हलके ठेवता येतात आणि ड्रोनचा प्रतिसाद लवकर मिळतो. बीएलहेली-एस प्रकारच्या ईएससीवर मूळ फर्मवेअरने हे होत नाही. तिच्यावर ब्लूजे हे दुसरे फर्मवेअर चढवावे लागते.

येथे एक छोटा रकाना फार महत्त्वाचा आहे, तो म्हणजे मोटरच्या चुंबकांची संख्या. तेथे १४ हा आकडा आधीच भरलेला असतो आणि पाच इंची ड्रोनच्या नेहमीच्या मोटरांना तो बरोबर लागू पडतो. लहान मोटरांत बहुधा १२ चुंबक असतात. अशा मोटरसाठी १४ तसाच राहिला, तर ५०० हर्ट्झचे कंपन फर्मवेअरला सुमारे ४२९ हर्ट्झला आहे असे वाटते; म्हणजे फिल्टर भलतीकडेच छाटतो, खरे कंपन तसेच पुढे जाते आणि विलंब मात्र पदरी पडतो. मोटरच्या घंटेत (फिरणाऱ्या बाहेरच्या कवचात) डोकावून चुंबक मोजायला मिनिटभरही लागत नाही, म्हणून ते मोजूनच आकडा भरावा.

त्यानंतर पीआयडीचे स्लायडर. ४.२ पासून आलेली ही सोय मला या फर्मवेअरमधील सर्वांत उपकारक वाटते, कारण पी, आय, डी यांचे परस्पर प्रमाण न बिघडता ते एकत्र बदलता येतात. फिल्टरच्या स्लायडरबाबत मात्र नवख्याने सावध असावे : तो उजवीकडे सरकवला की फिल्टर कमी होतो, वाढत नाही. डी वाढवला की हेलकावे आवरतात. पण डी हा बदलाच्या वेगावर चालतो, म्हणून बारीक कंपनेही तो मोठी करून मोटरपर्यंत पोचवतो आणि मोटर तापते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढत असताना ही बाब गंभीर ठरते. प्रत्येक बदलानंतर अर्धा मिनिट उडवावे, उतरवावे आणि मोटरला बोट लावून पाहावे. बोट टेकवत नसेल तर स्लायडर मागे घ्यावा. काळ्या मातीतील लोहकण चुंबकांना चिकटतात, त्यांची खरखर किंवा वाकलेला पंखा कोणत्याही सेटिंगने सुधारत नाही, हेही लक्षात ठेवावे.

फीडफॉरवर्डसाठी (काडी हलवताच ड्रोनला लगेच प्रतिसाद द्यायला लावणाऱ्या सोयीसाठी) रेडिओच्या पॅकेट रेटनुसार (सेकंदाला किती वेळा आज्ञा पोचते त्यानुसार) तयार प्रीसेट (आयत्या सेटिंगचे संच) मिळतात, ते घ्यावेत. बॅटरी उतरताना थ्रॉटलची पकड सारखी ठेवणारी सॅग कंपेन्सेशनची सोय शर्यतीत उत्तम आहे, पण तिच्यामुळे बॅटरी संपत आल्याचे हाताला कळत नाही. ओएसडीवरील (कॅमेऱ्याच्या चित्रावर उमटणाऱ्या माहितीतील) व्होल्टेजकडे लक्ष असू द्यावे.

गावाकडच्या माणसाला खटकेल अशी उणीव एकच. ४.४ पासून फर्मवेअर इंटरनेटवरून आपल्या निवडीप्रमाणे तयार होऊन येते आणि प्रीसेटही तेथूनच उतरतात. रेंज नसलेल्या वावरात यांपैकी काहीच होत नाही. तयार झालेली हेक्स फाइल (फर्मवेअरची फाइल) आणि आपल्या सेटिंगची प्रत घरूनच लॅपटॉपमध्ये जपून न्यावी, कारण साठवलेल्या फाइलवरून फ्लॅशिंग (फर्मवेअर चढवणे) नेटशिवाय करता येते.

फेलसेफमध्ये (रेडिओचा संपर्क तुटल्यास ड्रोनने काय करावे या सेटिंगमध्ये) रेसिंग ड्रोनसाठी ‘ड्रॉप’, म्हणजे मोटर बंद करून खाली पडू देणे, हाच पर्याय योग्य आहे. पंखे काढून, मोटर फिरत असताना रेडिओ बंद करून पाहावा आणि मोटर थांबतात याची खात्री झाल्यावरच, धुऱ्यावर माणसे किंवा गुरे नाहीत हे बघून, पंखे बसवावेत.