भुईकोट आणि सिद्धेश्वर तलाव : मुलांना दाखवायला उत्तम

सोलापुरात मुलांना इतिहास दाखवायचा तर सुरुवात भुईकोटापासूनच करा. बहामनी काळचा हा किल्ला, दुहेरी तटबंदी आणि खंदक. दरवाज्याची वाट सरळ आत का जात नाही, हे आधी मुलालाच विचारा. हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये म्हणून ती वळवलेली असते. तटाच्या दगडांत जुन्या देवळांचे कोरीव तुकडे बसवलेत, ते शोधण्यात पोरं रमतात. सकाळी लवकरच जा, दहानंतर दगड तापतो, सावली कमी. पाणी सोबत हवंच. मोडक्या कडेवर मात्र हात सोडू नका.

मग शेजारीच तलावातलं सिद्धेश्वराचं देऊळ. संत सिद्धरामेश्वर १२ व्या शतकातले. जानेवारीतल्या गड्ड्याला, म्हणजे इथल्या यात्रेला, फार गर्दी असते, लहानग्यांना तेव्हा नकोच.